साभार परत आलेल्या बाडाचं काय करायचं?

गेल्या महिन्यात एक पोरगा घरी आला. खांद्याला झोळी, झोळीत बाड. कादंबरी लिहिलेली. पाच ठिकाणी पाठवली होती. तीन ठिकाणांहून परत आली, दोन ठिकाणांहून उत्तरसुद्धा नाही. चहाची बशी खाली ठेवून त्यानं विचारलं, "काका, लिहीत राहू का सोडून देऊ?"

मी म्हणालो, "सोडायचं नाही. चिकाटी धरायची. माझी कादंबरी सात वेळा परत आली. मी सोडली का?"

पोरगं खूश होऊन गेलं. मी मात्र रात्रभर जागा. आपण त्याला काय सांगितलं? शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं असायचं तेच. प्रयत्नांती परमेश्वर. अरे, पण परमेश्वराला तर आपण सोडचिठ्ठी दिलेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि नंतर आमच्या माणदेशातल्या महारवाड्यातही देव्हाऱ्यातले टाक टोपल्यात भरून ओढ्यात सोडले. मग आता प्रयत्नाच्या शेवटी कोण बसलंय? प्रकाशक? पुरस्कार समिती? तसं असेल तर आपण देव सोडला नाही, नुसता बदलला.

म्हणून हा लेख. त्या पोराला दिलेलं उत्तर मी मागं घेतोय, आणि दुसरं काही देता येतं का ते बघतोय.

आधी चिकाटीचंच बघू. चिकाटी हा आपोआपच सद्गुण, असं आपण धरून चालतो. पण सावकाराकडं चिकाटी कमी असते का? बापाचं कर्ज तो नातवाकडनं वसूल करतो. आणि जातीइतकी चिवट चीज या देशात दुसरी कोणती? बुद्ध झाले, चक्रधर झाले, चोखोबा पायरीशी गाडला गेला, फुले आले, बाबासाहेब आले, १९५० साली राज्यघटना लागू झाली, तरी ही बया जागेवरच. चिकाटीवर मार्क द्यायचे ठरवले तर पहिला नंबर जातीचाच येईल.

तेव्हा नुसतं टिकून राहण्याला नीतीच्या हिशेबात काही किंमत नाही. कशासाठी टिकला, काय टाकून टिकला आणि कुणाच्या जिवावर टिकला, हे विचारलं पाहिजे.

बुद्धानं अष्टांगिक मार्गात प्रयत्नाला जागा दिली आहे. पण नुसत्या व्यायामाला नाही, सम्यक व्यायामाला. त्याचे चार भाग सांगितले आहेत. अंगी नसलेला दोष येऊ द्यायचा नाही. आलेला दोष काढून टाकायचा. नसलेलं चांगलं अंगी आणायचं. असलेलं चांगलं राखायचं. हे चार भाग परत आलेल्या बाडापुढं ठेवून बघा. नकार आला की आपण काय करतो? एक तर छाती ठोकून म्हणतो, एक अक्षर बदलणार नाही. म्हणजे चांगल्याबरोबर वाईटही राखतो. नाहीतर कंबरेत वाकून म्हणतो, सांगाल ते बदलतो. म्हणजे वाईटाबरोबर चांगलंही टाकतो. दोन्हीत कष्ट आहेत. दोन्हीत सम्यक काही नाही.

आता नकाराकडं येऊ.

आपल्या परंपरेतला पहिला मोठा 'साभार परत' कुणाला मिळाला? जोतीरावांना. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडं दिलं. भटाच्या नादी लागून नागवलं जाणारं कुणबी जोडपं आणि शिक्षणाची वाट, असा त्याचा विषय. कमिटीनं ते नापसंत केलं. ही हकिगत खुद्द जोतीरावांनीच 'गुलामगिरी'त, १८७३ साली, नोंदवून ठेवली आहे. तिथल्या भट सभासदांपुढं युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं ते सांगतात. ते नाटक छापून आलं १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मधून. म्हणजे १२४ वर्षांनी. जोतीराव १८९० सालीच गेले होते.

यात चिकाटीचा धडा कोणता? जोतीराव त्या नाटकाची प्रत घेऊन कमिटीच्या दारात पुन्हा पुन्हा गेले नाहीत. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि दुसरं लिहिलं. १८६९ साली 'ब्राह्मणांचे कसब' स्वतःच्या पैशानं छापलं. त्यांची चिकाटी त्या एका बाडाला चिकटली नव्हती. सांगायचं जे होतं त्याला चिकटली होती. हा फरक मला कळायला निम्मी हयात गेली.

माझं थोडं सांगतो. विषयापुरतंच.

मी एस.टी.च्या वर्कशॉपात हेल्पर होतो. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वाड्यातली सगळी माणसं खडी फोडायला होती. आय होती, चुलत्या होत्या, मीही होतो. सुकडी खाल्ली, मस्टरवर अंगठे उठवले. त्या खडीच्या कामावर मी कादंबरी लिहिली. १९७७ ला सुरू केली, १९८० ला संपवली. मग अकरा वर्षं ती पोस्टातनं जात होती आणि येत होती.

पहिल्यांदा नुसती छापील चिठ्ठी आली. साभार परत. या 'साभार'चा अर्थ मी फार दिवस शोधत होतो. आभार कशाचे? लिहिल्याचे, का परत घेतल्याचे? पाटलाच्या वाड्यावरनं शिळी भाकरी मिळायची तेव्हा आभार आम्ही मानायचो. इथं भाकरी नाही आणि आभार मात्र ते मानतात. बरं, परत का केली? कारण नाही. ज्या नकारात कारण नाही त्याच्यावर विचार करण्यात रात्री घालवू नयेत, हे आज सांगतो. तेव्हा घालवल्या.

दुसऱ्या ठिकाणी कारण मिळालं. विषय दमदार आहे, पण भाषा ग्राम्य, वाचकाला कळणार नाही. निवेदन नि संवाद शुद्ध करून दिलेत तर विचार करू.

विचार करू! एवढ्या दोन शब्दांवर मी तीन महिने राबलो. तीन प्रकरणं शुद्ध केली. खडीवरची बाई पोराला म्हणते, "मुडद्या, हिकडं काय बघतुयास, वड की पाटी." तिथं मी लिहिलं, "इकडे काय पाहतोस? पाटी ओढ बरे." लिहिताना हाताला काहीतरी होत होतं. पण छापून यायचं होतं ना.

गावी गेलो तेव्हा ती प्रकरणं आयला वाचून दाखवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकायला हुशार. अर्धा तास गप ऐकलं आणि म्हणाली, "ह्या बाया कुठल्या रं? चांगल्या घरच्या दिसत्यात. पर ह्या खडी फोडाय कशापायी आल्यात?"

ती प्रकरणं मी चुलीत घातली. पाणी तापलं तेवढाच उपयोग.

पुढं कळलं की हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. १९७२ साली दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हापासून तिकडच्या काळ्या लेखकांबद्दल आम्ही मिळेल ते वाचत आलो. झोरा नील हर्स्टन ही तिकडची मोठी कादंबरीकार. आफ्रिकेतनं गुलाम म्हणून धरून आणलेल्या आणि तेव्हा हयात असलेल्या एका म्हाताऱ्याची कहाणी तिनं त्याच्याच बोलीत लिहून काढली. १९३१ साली प्रकाशकाचं म्हणणं पडलं की बोली नको, भाषा हवी. तिनं बदललं नाही. 'बराकून' नावाचं ते पुस्तक २०१८ साली छापून आलं. ती १९६० सालीच गेली होती.

दुसरा रिचर्ड राइट. त्यानं १९४२ च्या सुमारास एक कादंबरी लिहिली. पोलीस एका निरपराध काळ्या माणसाला धरतात, न केलेला खून कबूल करायला लावतात, तो निसटून शहराच्या गटारात उतरतो. प्रकाशकानं ती नाकारली. १९४४ साली तिची कापलेली गोष्ट एका संग्रहात आली. त्यात माणूस सुरुवातीलाच गटारात उतरतो. कोठडीतली मारहाण गेली. पूर्ण कादंबरी आली २०२१ साली. राइट हाही १९६० सालीच गेला होता.

मी राइटला दोष देत नाही. त्यालाही पोट होतं. पण कापणी कशाची झाली ते बघा. वर्णनाची नाही, लांबणीची नाही. मारहाणीची झाली. गटारातला माणूस चालला, कोठडीतला चालला नाही.

तिसरा नकार मला सगळ्यात गोड भाषेत मिळाला, आणि तोच सगळ्यात खोल गेला. पत्रात होतं की कादंबरी कशाला? हे तुम्ही स्वतः भोगलेलं दिसतं. सरळ आत्मकथन लिहा, लगेच छापू.

काळ ध्यानात घ्या. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९७९ ला सोनकांबळे सरांचं 'आठवणींचे पक्षी', १९८० ला लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. ही पुस्तकं वाचून आम्ही रडलो, ताठ झालो. त्यांच्या ताकदीबद्दल एक शब्द कमी बोलणार नाही. पण त्यांचं यश बघून बाजारानं एक कायदा करून टाकला. दलितानं भोगलेलं सांगावं, रचू नये. म्हणजे साक्ष द्यायला आम्ही चालतो. पिंजऱ्यात उभं राहून झालेलं सांगा, न्यायनिवाडा आम्ही करू. पण खडीच्या कामावरच्या मुकादमाच्या डोक्यात काय चालतं, सावकाराच्या बायकोला रात्री झोप का येत नाही, हे सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

कादंबरी हा त्या अधिकाराचा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बघणं. पिढ्यान् पिढ्या आमच्याबद्दल असं बघण्याचा हक्क त्यांना होता. ते आम्हाला खुशाल रचत आले, कधी प्रामाणिक महार तर कधी चोर मांग म्हणून. आम्ही त्यांना रचायला बसलो की म्हणतात, अनुभवाच्या बाहेर जाऊ नका. अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' दिली. ती कादंबरीच होती, आणि १९६१ साली राज्य सरकारला तिचा पुरस्कार करावा लागला. शाळेत दीड दिवस गेलेल्या माणसानं हा अधिकार कुणाला न विचारता घेतला. मी मात्र त्या पत्रानं दोन रात्री डळमळलो. पैसे हवे होते. शेवटी 'नाही' म्हणून कळवलं. मी प्रकाशकाला दिलेला हा पहिला नकार. त्यालाही 'साभार' लिहिलं.

इथपर्यंत माझी गोष्ट ऐकायला बरी वाटते. पांढरपेशे नाकारतात, आपला माणूस वाकत नाही. सभेत सांगितली की टाळ्या पडतात. पण चौथा नकार मी सभेत कधी सांगितला नाही.

चौथ्या ठिकाणच्या संपादकानं बाड खरंच वाचलं होतं. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. सोबत दोन पानी पत्र. त्यात एक वाक्य होतं. तुमच्या नायकाची आई सव्वादोनशे पानं खडी फोडते, भाकरी थापते, पण बोलत नाही. बोलतो फक्त तुमचा नायक, आणि तोही भाषणच देतो.

मी पेटलो. आडनाव बघितलं, निकाल लावला. ह्याला आमची आई काय कळणार! चार मित्रांना ते पत्र वाचून दाखवलं, चौघांनी शिव्या घातल्या, मला बरं वाटलं. पत्र ट्रंकेच्या तळाला गेलं. नंतरच्या तीन ठिकाणी मी तेच बाड एक अक्षर न बदलता पाठवलं. ताठ कण्यानं पाठवलं, असं मला वाटत होतं.

१९८७ साली आय आजारी पडली म्हणून मी महिनाभर गावी होतो. वेळ जायला तिला सगळी कादंबरी वाचून दाखवली, तिच्याच बोलीतली. भाषेबद्दल ती काही बोलली नाही, म्हणजे पास. शेवटची ओळ झाली आणि तिनं विचारलं, "समदं त्योच बोलतोय. त्येची आय मुकी हाय व्हय?"

मित्रहो, काय उत्तर देणार? दोघंही तेच सांगत होते. शहरातला एक वरच्या जातीचा संपादक आणि माणदेशातली माझी अडाणी आय. सहा वर्षं मी एका खऱ्या नकाराला जातीचा नकार म्हणून गाडून ठेवलं होतं. जातीचे नकार मला मिळाले होते, खोटं नाही. पण त्यांच्या आडोशाला मी स्वतःचा दोष लपवला, हेही खोटं नाही. अन्यायाची ढाल करून तिच्यामागं कच्चं काम दडवायचं, ही अन्याय सोसणाऱ्या माणसाला पडणारी भूल आहे. आणि माझ्या भुलीनं मुकं कुणाला केलं? सावकाराला नाही, मुकादमाला नाही. आयला.

तेव्हापासून नकार तपासायला मी एक वजनमाप धरलंय. सांगितलेला बदल केला, तर ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं पानावर जास्त येतात का कमी होतात? भाषा शुद्ध केली की बाया कमी झाल्या. मारहाण कापली की राइटचा माणूस कमी झाला. आत्मकथन केलं असतं तर मुकादम नि सावकारीण गेलेच असते, मी एकटा उरलो असतो. हे नकार मानायचे नाहीत, कितीही गोड असोत. पण आई बोलती केली की आई जास्त येते. हा नकार मानायचा, देणारा कुणीही असो. नकार देणाऱ्याची जात बघून भागत नाही. नकारानं कुणाचा जीव जातो आणि कुणात जीव येतो, ते बघावं लागतं.

मी कादंबरी पुन्हा लिहिली. चार वर्षं गेली. आय तोवर राहिली नाही. कादंबरीतली आय मात्र बोलायला लागली, आणि ती बोलायला लागल्यावर नायकाची निम्मी भाषणं आपोआप गळाली.

आता खर्चाचा हिशेब. लेखकाच्या चिकाटीच्या गोष्टीत हा कधी नसतो.

घरची चौथीपर्यंत शिकलेली. पहिली प्रत तिनं उतरवली, दुसरीही तिनंच. माझी अक्षरं लागायची नाहीत म्हणून मशीन बंद ठेवून ती लिहायची. ते बंद मशीन म्हणजे न शिवलेले झंपर आणि न आलेले पैसे. मी दुसऱ्या पाळीवरनं येऊन लिहायला बसायचो, तेव्हा एका खोलीत दिवा जळायचा आणि पोरं तोंडावर पांघरूण घेऊन झोपायची. एका महिन्यात बाड टाईप करायला दिलं आणि थोरलीला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. मी ते विसरलो. तिनं मला ते परवा सांगितलं. तिच्या मुलीची सहल निघाली होती. ती रागानं नाही बोलली, म्हणूनच ते लागलं.

अर्पणपत्रिकेत मी घरचीचं नाव घातलं आणि हिशेब फिटला असं समजलो. फिटत नसतो. चिकाटी एकट्याची कधीच नसते, नाव मात्र एकट्याचं होतं. गावकीच्या कामाला महार राबायचा आणि मान पाटलाचा व्हायचा, हे आपल्याला दिसतं. घरात तीच व्यवस्था आपण चालवतो, ते दिसत नाही. मग लिहू नये का? लिहावं. पण सोसणाऱ्यांना विचारून लिहावं आणि ज्या दिवशी ते 'आता बास' म्हणतील, त्या दिवशी वर्षभर बाड ट्रंकेत ठेवायची तयारी असावी. वर्षभरानं कादंबरी मरत नाही. मरत असेल तर तिच्यात फारसा जीव नव्हता.

शेवटी कादंबरी छापली कुणी? आम्हीच. १९९२ साली वर्कशॉपातल्या आणि चळवळीतल्या मित्रांनी वर्गणी काढली, पाचशे प्रती निघाल्या, सायकलवर आणि सभांतून विकल्या. यामागंही परंपरा आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचल्यावर त्यातला भाग गाळायला सांगितलं, बाबासाहेबांनी नकार दिला, अधिवेशन बारगळलं. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. जोतीरावांनी तर छपाईच्याही पलीकडची वाट दाखवली. १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला, बडोद्याला सयाजीरावांनाही ऐकवला. पुस्तक व्हायच्या आधी ते लोकांत गेलं.

पण इथंही एक खड्डा आहे. आपणच छापलं की नाकारणारा गेला, हे खरं. पण 'आई बोलत नाही' सांगणाराही गेला. आपण लिहिलं, आपण छापलं, आपणच वाहवा म्हणालो. म्हणून आपल्यातच कडक वाचणारा माणूस पाहिजे. कडक, पण वाचणारा.

आणि आपल्यातला नकार कसा असतो? तोही ऐका. 'असूडा'ची काही प्रकरणं नारायण मेघाजी लोखंड्यांच्या 'दीनबंधू'नं छापली आणि मग थांबवली. सत्यशोधकांच्याच पत्रानं, जोतीरावांचंच लिखाण. जोतीरावांना ते झोंबलं. तेव्हा आपला माणूस नाकारत नाही, असं समजू नका.

मी नाकारलंय. १९८९ साली आम्ही एक अनियतकालिक काढत होतो. स्टेन्सिल कापायची, शाईनं हात काळे करायचे, रात्री घड्या घालायच्या. एका बाईंचं लिखाण आलं, वहीची चाळीस पानं, पेन्सिलीनं. जागा नव्हती, स्टेन्सिलला पैसे नव्हते, मला पाळीवर जायचं होतं. मी पोस्टकार्ड टाकलं. अनुभव चांगला आहे, मांडणीवर मेहनत घ्या.

ती चाळीस पानं मी पुरी वाचलीही नव्हती. कुठलं वाक्य, कुठली मांडणी, काही लिहिलं नाही. माझं बाड ज्यांनी न वाचता परत केलं, त्यांचा राग माझ्या पोटात नऊ वर्षांचा होता. आणि हात लागल्यावर मी तेच केलं, शब्दसुद्धा त्यांचेच वापरले. नुसतं 'साभार' तेवढं नव्हतं. वही परत पाठवली. त्या बाईंनी पुन्हा काही पाठवलं नाही. नंतर मी त्यांच्या पत्त्यावर दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी आपलं लिखाण वीस वर्षं घरापासून लपवून ठेवलं होतं. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून आलं, १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. ते निघालं, कारण कुणीतरी विचारलं आणि वाचलं. अशा किती वह्या पत्र्याच्या डब्यातच राहिल्या असतील? त्यांना नकारसुद्धा मिळाला नाही. सात नकार मिळाले म्हणून मी मिरवतो. पोस्टात टाकायला तिकीट होतं, टाकायची मुभा होती, म्हणून मिळाले.

तर पोरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 'सोडू नकोस' असं मी आता म्हणत नाही. सोडलंस तर तू कमी माणूस ठरत नाहीस. चळवळीत करण्यासारखी कामं पुष्कळ आहेत, पोरांना शिकवणं हेही लिहिण्याइतकंच आहे. आणि लिहीत राहिलास तर परमेश्वर भेटणार नाही, याची खात्री देतो. पुस्तक निघेल किंवा निघणार नाही. जोतीरावांना त्यांचं नाटक छापलेलं दिसलं नाही.

राहायचं असेल तर परत आलेलं बाड उघड. बिनकारणाच्या चिठ्ठ्या फाडून टाक. कारण लिहिलेली पत्रं जपून ठेव, राग आलेली तर आधी जप. प्रत्येकापुढं विचार, हे ऐकलं तर माझी माणसं वाढतील का घटतील? घरात विचार, परवडतंय का? एवढं करून जे राखावंसं वाटेल ते राख. त्याला मग मी चिकाटी म्हणेन.

आणि मुख्य राहिलंच. त्या दिवशी मी तुला चहा दिला, स्वतःचे सात नकार ऐकवले, उपदेश केला. तुझं बाड समोर होतं. ते मी हातातसुद्धा घेतलं नाही.

येत्या रविवारी ये. बाड घेऊन ये. पेन्सिल माझ्याकडं आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचीन, आणि पटलं नाही तर कुठं पटलं नाही ते पानावर लिहून देईन.

जयभीम.